एक्केचाळीस नंबरचा माणूस

"ओळखलंत का? मागे मी तुम्हाला रिकामी डबी परत दिली होती," खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला आणि त्याने तपासणीचा भरलेला फॉर्म काचेखालच्या फटीतून आत सरकवला.

त्याने ओळखलं. चेहरे एरवी त्याच्या लक्षात राहत नसत. वीस वर्षं लॅबच्या या खिडकीत बसून त्याला एवढं कळलं होतं की इथे येणारा पुरुष समोरच्याकडे बघत नाही, काचेखालच्या लाकडी फळीकडे बघतो. त्या फळीचा रंग मधोमध उडाला होता, आणि बघून बघूनच उडाला असं सिस्टर म्हणायची. हा माणूस मात्र तेव्हाही सरळ बघत होता आणि आजही. डाव्या कानाची पाळी दुमडलेली, वजन थोडं वाढलेलं. "बहुतेक," तो म्हणाला, "बऱ्याच जणांना जमत नाही पहिल्या खेपेला." "तेच म्हणाला होतात तुम्ही तेव्हा," माणूस हसला. "म्हणालात, जा घरी, मी कोणाला सांगत नाही. फार बरं वाटलं होतं बघा. त्या वेळी बायको बोलत नव्हती माझ्याशी. आता तीच म्हणते, चला. बाहेर बाकावर बसलीय." त्याने फॉर्म वाचायला घेतला. सातवा प्रश्न होता, यापूर्वी इथल्या कुठल्या अभ्यासात नाव घातलं होतं का. पुढे ठळक अक्षरात, कोणीतरी शेजारी बसून सांगितल्यासारखं नीट लिहिलं होतं: होय, नंबर ४१, परंतु नमुना दिला नव्हता. "पुढच्या मंगळवारी या," तो म्हणाला. "तीन दिवस आधी पथ्य पाळा, कागदावर लिहिलंय." माणूस गेला. त्याने फॉर्म इतर फॉर्मांवर, तारेच्या ट्रेमध्ये ठेवला. ट्रे दुपारी डॉक्टरबाईंच्या टेबलावर जाई. तो काही वेळ ट्रेकडे बघत बसला. मग त्याने फॉर्म उचलला, चार घड्या घातल्या आणि एप्रनच्या खिशात टाकला. "कोण होता काका?" सिस्टरने मागून विचारलं. "नवीन," तो म्हणाला. आपला आवाज अगदी रोजचा निघाला याचं त्याला वाईट वाटलं.

नेमका आजचाच दिवस. दुपारी चार वाजता पाकिटं उघडायची होती. डॉक्टरबाईंनी आठ वर्षं घातली होती त्या मुळावर. कुठल्याशा काटेरी झुडपाचं मूळ, वाळवून, दळून, कापडातून गाळून केलेली तपकिरी पावडर, चवीला कडू आणि मागून जिभेवर मातीसारखी राहणारी. मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर त्यांना गवतवाल्या बाई म्हणायचे, पुढ्यात नाही, पण त्यांना कळेल इतपत मोठ्याने. बाई त्यावर काही बोलत नसत. त्यांनी चौसष्ट पुरुष घेतले, ज्यांच्या शुक्राणूंची संख्या कमी होती असे. बत्तीस जणांना मुळाची पावडर आणि बत्तीस जणांना तशाच रंगाचं, तेवढंच कडू केलेलं साधं पीठ. कोणाला काय मिळालं हे घेणाऱ्यालाही माहीत नाही, देणाऱ्यालाही नाही, मोजणाऱ्यालाही नाही. प्रत्येक नंबराचं एक बंद पाकीट, आत एकच शब्द. पहिल्या दिवशी एक नमुना, नव्वदाव्या दिवशी दुसरा. प्रत्येक नमुना दोघांनी मोजायचा, त्याने आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीने, एकमेकांचा आकडा न बघता. दोन आकड्यांत ठरल्यापेक्षा जास्त फरक आला तर दोघांनीही पुन्हा बसायचं. त्याचा आणि तिचा फरक सहसा येत नसे. ती त्याला मशीन म्हणायची. "आमच्या मशीनला चहा लागत नाही, फक्त उजेड लागतो," असं नवीन माणसांना सांगायची.

एक्केचाळीस नंबराचा माणूस दीड वर्षापूर्वी आला, सही केली, पावडरीची पिशवी घेतली, डबी घेऊन विचारखोलीत गेला. ते नाव सिस्टरने ठेवलं होतं, कारण तिथून बाहेर येणारा जो तो फार मोठा विचार करून आल्यासारखा दिसे. हा वीस मिनिटांनी बाहेर आला, रिकामी डबी आणि पिशवी खिडकीत ठेवली आणि म्हणाला, मला नाही जमणार, आणि बाईंना सांगू नका. त्याने मान हलवली. नियम असा होता की नंबर तिथल्या तिथे बाद करायचा, पिशवी परत करायची. त्याने फक्त एवढंच करायचं होतं. पण दुपारचे अडीच वाजले होते, सिस्टर जेवायला गेली होती, डबीवर ४१ लिहिलेलं होतं आणि ती स्वच्छ होती. पुढचं त्याने ठरवलं असं त्याला कधीच वाटलं नाही. आपण उठलो, खोलीत गेलो, कडी लावली, हे त्याला आठवत होतं, पण ते दुसऱ्या कोणाचं पाहिल्यासारखं. अर्ध्या तासाने, नमुना पातळ झाल्यावर, त्याने त्याचा थेंब मोजणीच्या काचेवर घातला आणि उरलेली डबी शेजारच्या मुलीपुढे सरकवली. तिने मोजलं, चिठ्ठी लिहिली. बावीस लाख. त्याने स्वतः मोजलेलेही बावीस. कमीत कमी दीड कोटी हवे असतात. "बिचारा," मुलगी म्हणाली आणि पुढची डबी घेतली.

त्याला तो आकडा नवीन नव्हता. त्याच्याही साडेपाच वर्षं आधी त्याने एकदा स्वतःचं बघितलं होतं. तेव्हा लग्नाला चार वर्षं झाली होती आणि बायकोची सगळी तपासणी होऊन गेली होती, रक्ताची, नळ्यांची, सगळी. तिचे डॉक्टर म्हणाले, तुमच्या मिस्टरांचाही एक रिपोर्ट लागेल, आणि मग त्यांनी त्याच्याकडे बघून हसत म्हटलं, तुम्ही काय, घरचेच. तोच सगळ्यांचे रिपोर्ट लिहायचा, त्याच्याकडे कोण कागद मागणार? एका रविवारी लॅब बंद असताना तो आला. मोजणीच्या काचेवर कोरलेली जाळी असते, बारीक चौकोनांची. वरच्या आणि डाव्या रेषेवर पडलेले धरायचे, खालच्या आणि उजव्या रेषेवरचे सोडायचे, म्हणजे एकच दोनदा मोजला जात नाही. त्या दिवशी रेषेचा प्रश्नच आला नाही. तो चौकोन चौकोन पुढे गेला. रिकामं घर, रिकामं घर, मग एक, निपचित. मग पुन्हा रिकामं. एक शेपूट हलवत होता, जागच्या जागी, गोल गोल. त्याने पूर्ण जाळी संपवली, मग दुसरा थेंब घेतला, मग तिसरा. दरवेळी तेच. हातातलं मोजायचं बटण इतक्या कमी वेळा दाबलं गेलं की अंगठ्याला सवयीने चुळबुळ होत होती. घरी आला तेव्हा ती कपाटापाशी उभी होती. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तिने आलेखाचा कागद चिकटवला होता, रोज सकाळी तापमान लिहायचा. "अहो, झालं का?" ती म्हणाली. "मीच बघितलं," तो म्हणाला, "ठीक आहे." ती हसली. मग तिने पेन उचललं आणि त्या दिवशीच्या चौकटीत काहीतरी लिहिलं. नंतर कितीतरी वेळा चिडवायची, "तुमचं काय बाई, तुम्ही पास झालेले." पाहुण्यांपुढेही म्हणायची, थोडं अभिमानाने. त्याला तिचं ते थट्टेचं बोलणं मोठ्या आजाराच्या नावासारखं ऐकू यायचं. पण तो तोंड उघडत नव्हता. आधी वाटलं, सहा महिन्यांत सुधारेल, मग सांगू. सहा महिन्यांनी पुन्हा बघितलं, तेवढंच होतं. मग सांगायची वेळ निघून गेली असं झालं, आणि निघून गेलेली वेळ दर वर्षी अजून लांब जात राहिली. तिच्या गोळ्या बदलल्या. गोळ्यांनी तिचा चेहरा सुजायचा, सकाळी डोळे उघडायचे नाहीत. मग सुया आल्या. पोटावर बेंबीच्या दोन्ही बाजूंना हिरवे-जांभळे डाग पडत, ती ते बोटाने दाबून बघायची, फळ पिकलंय का बघावं तसं.

पाऊण वाजता फोन वाजला. थोरली मेहुणी. बायकोहून नऊ वर्षांनी मोठी, सगळ्यांची ताई. "भाऊजी, जेवलात?" तिचा पहिला प्रश्न कायम हाच. "जेवतोय." "नाही जेवलात. बरं ऐका. उद्या सकाळी सातला बारकीला घेणार आहेत." बारकी म्हणजे तिची मुलगी, आता एकतीस वर्षांची, पण घरात बारकीच. "कुठे घेणार?" "अहो, ऑपरेशनला. दुर्बीण घालून बघणार. पोटाला तीन भोकं पाडतात म्हणे. तुम्ही त्या लोकांत काम करता म्हणून विचारते, दुखतं का हो फार?" त्याने डबा बंद केला. "आणि जावयांची तपासणी झाली?" "त्यांची कशाला? ते म्हणतात माझा काय संबंध. त्यांची आई तर स्पष्टच बोलली परवा, मावशीलाही नव्हतं ना मूल. मी काय बोलणार त्यावर? आहे ते खरंच आहे. आमच्याच घरात काहीतरी असेल. मला झाली ही एक, तीही किती नवसासायासाने. तुमचं तर सगळं ठीक होतं, तुम्ही स्वतः बघितलं होतं." फोनमध्ये कुकरची शिट्टी ऐकू आली. ती थांबली नव्हती, विचारतही नव्हती, फक्त एक माहीत असलेली गोष्ट बोलत होती. "हं," तो म्हणाला. "मग संध्याकाळी या जमलं तर. बारकी घाबरलीय. तुमचं ऐकते ती." "हं," तो पुन्हा म्हणाला.

ते दोन हं डोक्यात राहिले. एवढ्याशा आवाजाने किती काम केलं होतं सात वर्षांत. बोलून खोटं तो एकदाच बोलला होता, एका रविवारी, तीन-चार शब्द. बाकी सगळं या हं ने भागवलं. लोक विचारत आणि तो हं म्हणे, आणि बायको मान खाली घालून चहाचे कप उचले. दुपारी तो मोजायला बसला. सकाळच्या दोन डब्या उरल्या होत्या. पहिल्याला त्याचा आकडा एक कोटी चाळीस, मुलीचा एक कोटी एकोणीस. पुन्हा बसले. या वेळी त्याचा एक कोटी पाच. "काका, आज मशीन बिघडलं वाटतं," मुलगी म्हणाली. "डोळे दुखतायत." "दुखणारच. बावीस लाखवाला बिचारा पाहिला तेव्हाही तुमचे डोळे दुखत होते. आठवतं, तुम्ही खाली जाऊन तोंड धुवून आला होतात?" तिने ते सहज म्हटलं, भिंगातून डोळा न काढता. त्याच्या खिशातल्या घडीचा कोपरा मांडीला टोचत होता. फॉर्म फाडून टाकता येईल. मंगळवारी तो माणूस आला की त्याला नवा कागद द्यायचा, सातवा प्रश्न कोरा ठेवा म्हणायचं, विचारणार नाही तो, उपकार मानतो आपले. कोणालाच काही कळणार नाही. इतकं सोपं होतं की तेच अवघड वाटायला लागलं.

आणि शिवाय पाकीट होतं. ते तो विसरू शकत नव्हता. पिशवीतली पावडर त्याने घरी एका कॉफीच्या रिकाम्या बरणीत ओतली होती आणि बायकोला सांगितलं होतं, पोटासाठी आहे. त्याला ती नुसती गिळवत नसे. मग तीच रोज सकाळी कोमट दुधात ढवळून द्यायची. "घ्या तुमची माती," म्हणायची, आणि तो पिऊन होईपर्यंत समोर उभी राहायची, कारण एकदा त्याने अर्धी बेसिनमध्ये ओतलेली तिने पाहिली होती. एकाहत्तर दिवस तिने ढवळलं. बाहत्तराव्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली आणि बराच वेळ पाणी पडत राहिल्याचा आवाज आला. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर फुटली, कशामुळे सांगता येत नाही, कोणालाही होतं. त्याने विचारलं होतं, इतकी औषधं घेतली होती तिने, त्याने काही? डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. होयही नाही आणि नाहीही नाही. घर माणसांनी भरलं, ताई राहायला आली. आणि त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे झोपलेले असताना, स्वतः दूध तापवलं, दोन चमचे घातले, ढवळलं आणि प्यायला. मग तिसऱ्या दिवशी. मग रोज. "पोट अजून बरं नाही का?" ताईने विचारलंही. हं. अठरा दिवस. कशासाठी, हे त्याला तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं आणि अजूनही येत नव्हतं. नव्वदावा दिवस आला तेव्हा तो रजा संपवून कामावर रुजू झाला होता. त्याने डबीवर ४१ लिहिलं. विचारखोलीत भिंतीला टेकून तो बराच वेळ उभा राहिला. जे करायचं ते केलं, कसं केलं ते तो कधी आठवू देत नसे. मुलीने चिठ्ठी लिहिली: एक कोटी नव्वद लाख. त्याची चिठ्ठी: एक कोटी शहाऐंशी. भिंगाखाली नुसती गर्दी होती. चौकोनांच्या रेषांवरून, एकमेकांना ढकलत, सरळ पोहत चाललेले. त्याने आयुष्यात हजारो नमुने पाहिले होते. हा एक त्याला बघवेना, आणि डोळाही काढवेना. "बिचारा सुधारला की," मुलगी म्हणाली होती. "आता होईल त्याला मूल."

तेव्हापासून त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. मूळ होतं की पीठ. मूळ असेल तर औषध होतं, या इमारतीत, बाईंच्या कपाटात, सगळी वर्षं, आणि तो बोलला असता, बाईंकडे गेला असता, तर. पीठ असेल तर आकडा आपोआपच वर गेला, जसे जातात कधी कधी, आणि मग कोण जाणे आधीही किती वेळा गेला असेल, तो बघायचाच बंद झाला होता. दोन्ही उत्तरांतून काय हाती लागणार होतं ते त्याला नीट कळत नव्हतं. तरी रात्री झोपताना तो ते पाकीट डोळ्यांपुढे आणायचा आणि उघडायचा, आणि आतला शब्द दरवेळी वेगळा निघायचा.

चार वाजता बाईंच्या खोलीत चौघं बसले. बाई, आकडेवाले गृहस्थ त्यांच्या संगणकासह, मुलगी आणि तो. मोजणाऱ्यांच्या सह्या लागत, म्हणून दोघांनी हजर राहायचं. "एखादा नंबर वगळायचा असेल तर आत्ताच सांगा," गृहस्थ म्हणाले. "वगळलेलं पाकीट न उघडताच फाडायचं. नाहीतर लोक आधी बघतात आणि मग सोयीचे वगळतात." बाई म्हणाल्या, "काही नाही. चौसष्टच्या चौसष्ट पूर्ण आहेत." बाईंनी कात्री घेतली. त्यांचे हात नेहमी स्थिर असत, आज अंगठा कात्रीच्या कडीत दोनदा चुकला. एक, मूळ. दोन, पीठ. तीन, पीठ. गृहस्थ टकटक करत लिहीत होते. "बाई, असं बघू नका प्रत्येकाकडे," ते म्हणाले, "लॉटरी नाही ही." बाई हसल्या. बारा, मूळ. तेरा, मूळ. तो पाकिटांच्या गठ्ठ्याकडे बघत होता. गठ्ठा उतरत होता. त्याला सुचलं की एक्केचाळीस उघडेपर्यंत थांबता येईल. शब्द ऐकायचा, मग सांगायचं. सांगायचं तर आहेच, फक्त एका मिनिटाने. त्याने कोणाचं नुकसान होईल? बाईंचं होईल. उघडल्यावर वगळलं तर मोठ्या हॉस्पिटलातले म्हणतील, बघून वगळलं. आठ वर्षं. एकोणतीस, पीठ. तीस, पीठ. त्याच्या तोंडाला ती मातीची चव आली, इतकी खरी की त्याने थुंकी गिळली. ताई आत्ता बॅग भरत असेल. सदतीस, मूळ. अडतीस, पीठ. मुलीने त्याच्याकडे पाहिलं. एकोणचाळीस. चाळीस. बाईंनी पुढचं पाकीट उचललं, कात्रीचं पातं कोपऱ्यात घातलं.

"थांबा," तो म्हणाला. "एक्केचाळीस वगळावा लागेल." त्याने फॉर्म काढला, घड्या उलगडल्या, टेबलावर सपाट केला. "हा माणूस नमुना न देताच गेला होता. आज सकाळी परत आला. त्या नंबराचे दोन्ही नमुने माझे आहेत." मग मुलगी म्हणाली, "पण ते मी मोजलेत," आणि लगेच मान वळवून खिडकीबाहेर बघू लागली. बाईंनी फॉर्म वाचला. मग रजिस्टर उघडून तारीख बघितली आणि तारखेवर बोट ठेवलं. "दुसरा नमुना या तारखेचा," त्या म्हणाल्या. "तेव्हा तर मी तुमच्या घरी येऊन गेले होते. नुकतंच झालं होतं तुमच्याकडे." "हो. अठरा दिवस झाले होते." बाईंनी चष्मा काढला. "मला फार राग आलाय," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "पण तो मी उद्या करीन." मग त्यांनी पाकीट हातात धरून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला बघायचं असेल तर मी या दोघांना जरा बाहेर जायला सांगते. हिशोबात नाही धरणार. नुसतं तुमच्यासाठी." त्याला ते इतकं हवं होतं की त्याचा हात टेबलावरून अर्धा उचलला गेला. आपण ते वाचू, मग घरी जाऊ, दिवे न लावता बसू, आणि त्या एका शब्दाला कवटाळून आजची संध्याकाळ घालवू, आणि उद्याचे सात वाजतील. हे त्याला स्पष्ट दिसलं. "फाडा," तो म्हणाला. बाईंनी पाकीट मधोमध फाडलं, मग तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडलं. "उद्यापासून मोजायला बसू नका. पुढचं मी कळवते," त्या म्हणाल्या, आणि बेचाळिसावं उचललं. मूळ निघालं की पीठ ते त्याने ऐकलं नाही.

ताईच्या घरी तो सहाला पोहोचला. तिसरा मजला, दार उघडंच. खुर्चीवर हॉस्पिटलची बॅग, वर दुमडलेला टॉवेल. जावई सोफ्यावर, बारकी जमिनीवर बसून रिपोर्टांची फाइल लावत होती. "आले बघा काका," ताई म्हणाली. "आता हिला सांगा, काही होत नाही म्हणून. आणि बसा, चेहरा काय झालाय, सकाळपासून जेवला नाहीत ना?" तो बसला नाही. बसलो की हं सुरू होईल. "ताई," तो म्हणाला, "दोष माझ्यात होता. तिच्यात काहीच नव्हतं. तिचे सगळे रिपोर्ट चांगले होते. माझं मी बघितलं तेव्हा जवळजवळ काहीच नव्हतं, आणि मी तिला सांगितलं ठीक आहे." जावयाने टीव्हीचा आवाज बंद केला. ताईच्या हातात पाण्याचा पेला होता, त्याला द्यायला आणलेला. "किती वर्षं?" तिने विचारलं. "सात. आधीची चार मला माहीत नव्हतं." "आणि ती सुया घेत होती." "हो." "तुमच्यासमोर." "मीच द्यायचो," तो म्हणाला.

ताईने पेला टेबलावर ठेवला, बॅगेशेजारी. तिने आवाज चढवला नाही. ती टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालू लागली, कडेला कड जुळवून, आणि ती जुळेना. "मला वाटायचं," ती म्हणाली, "आईचं काहीतरी आलं असेल आमच्यात. मी तिला सांगितलं होतं तसं. शेवटी शेवटी तीही म्हणायला लागली होती, ताई, आपल्याच अंगात नाही बहुतेक." बारकी फाइल मांडीवर घेऊन नवऱ्याकडे बघत होती, आणि तो कोणाकडेच बघत नव्हता. वाईट माणूस नव्हता तो. खिडकीत येणाऱ्यांसारखाच होता, फळीकडे बघणारा. मग जावई म्हणाला, "काका, मग एक करा ना. तुम्हीच बघून टाका माझं. उद्याच देतो हवं तर. घरच्या घरी राहील. उगाच कुठे नाव, नंबर, लोकांसमोर." जावई ते पूर्ण विश्वासाने म्हणाला. "मी नाही बघणार," तो म्हणाला. "मला आता बसू देणारही नाहीत. जिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही तिथे द्या. आणि रिपोर्ट घ्यायला हिला पाठवा. आधी तिने वाचायचा." जावयाने मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही. बारकी म्हणाली, "मी उद्याचं पुढे ढकलते," आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. तिला कोणी अडवलं नाही.

"भाऊजी, तुम्ही निघा आता," ताई म्हणाली. "आणि रविवारी जेवायला येऊ नका. मी फोन करीन, करावासा वाटला तर." "बरं," तो म्हणाला. दाराशी वाकून बूट घालताना नाडी सापडेना, ती टाचेखाली अडकली होती. तो अर्धा जिना उतरला तेव्हा वरून पावलं आली. बारकी, अनवाणी, हातात फाइल आणि पेन. ती त्याच्या वरच्या पायरीवर बसली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज कामाचा होता. "काका, त्या रिपोर्टवर काय काय लिहिलेलं असतं? मला वाचता आलं पाहिजे." तो कठड्याला धरून उभा होता, मग बसला. त्याने सांगायला सुरुवात केली. एकूण किती, ते लाखात की कोटीत लिहिलंय ते नीट बघ. दीड कोटीच्या खाली असेल तर कमी. त्यातले हलणारे किती, आणि हलणाऱ्यांत सरळ जाणारे किती, जागच्या जागी फिरणारे धरायचे नाहीत. आकार किती जणांचा बरोबर आहे. एकच रिपोर्ट पुरत नाही, अडीच-तीन महिन्यांनी दुसरा करायचा. ती फाइलच्या मागच्या पानावर उतरवून घेत होती, मध्येच थांबवून विचारत होती, एकदा त्याने घाईत सांगितलेलं तिने खोडायला लावलं. खालच्या मजल्यावरचे कोणीतरी भाजी घेऊन वर आले, दोघं सरकले, ते गेले.

"आणि ते म्हणाले, मी बघितलं, ठीक आहे, तर?" तिने विचारलं.

"तर कागद माग."

तिने तेही लिहून घेतलं.